खरखरीचा पत्ता

गिटारच्या बाजूने वायर काढून ठेवली तरी अँप गप्प बसत नव्हता. खालच्या पट्टीत अखंड घूंऽऽ, त्यावर बारीक सूंऽऽ, मधूनच चट्, चट्, आणि कान लावला तर या सगळ्याच्या तळाशी कुणी निवेदक बोलत असावा इतपत पुसट माणसाचा आवाज. कांजूरमार्ग पूर्वेला, स्टेशनवरून चालत जाता येईल अशा एका इमारतीतल्या छोट्या खोलीत टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा पडला होता. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट, पायाने दाबायचा एक स्विच आणि एलिमिनेटरची पिन. एवढ्याशा ऐवजातून चार वेगवेगळे आवाज येत होते आणि डबा बनवणाऱ्या मुलीला त्यांतला एकही नको होता.

या अंकासाठी संपादकांनी ‘गोंगाट’ हा विषय दिला. कांजूरमार्गला गोंगाट शोधायला लांब जावं लागत नाही. एलबीएस मार्गावर मेट्रोचं काम चालू आहे, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर ट्रक आहेत, मधून मध्य रेल्वे धावते. पण या गोंगाटापुढे आपण हतबल असतो. मला असा गोंगाट पाहायचा होता, ज्याचं झाकण उघडून आत हात घालता येतो, ज्याचं कारण सापडतं आणि जो बंद करता येतो. म्हणून मी या टेबलापाशी आलो.

मुलगी पवईच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करते आणि सुटीच्या दिवशी मित्रांच्या बँडमध्ये गिटार वाजवते. तिच्या मदतीला वरच्या मजल्यावरचे काका आले होते. त्यांची सारी नोकरी एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्याच्या टेस्टिंग विभागात झाली. आता निवृत्त आहेत, पण मल्टिमीटर खिशाला लावूनच खाली उतरतात. तिने हातात सोल्डरिंग आयर्न घेतलेलं पाहून ते पहिलं वाक्य बोलले, “अगं, आधी ते खाली ठेव. अजून आपल्याला काहीच माहीत नाही.”

बिघाडातून आलेला सूर

तिने बनवलेल्या यंत्राला फझ म्हणतात. गिटारचा स्वच्छ सूर यात शिरतो आणि फाटलेला, दाट, लांबत जाणारा होऊन बाहेर पडतो. या सुराची सुरुवातच एका बिघाडातून झाली. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ (1961) या गाण्याचं ध्वनिमुद्रण होत असताना कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा सोलो फाटक्या आवाजात मुद्रित झाला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच बिघाड मुद्दाम घडवणारं मंडल आखलं. त्यातून 1962 मध्ये गिब्सन कंपनीची ‘माएस्ट्रो फझ-टोन’ ही पेटी बाजारात आली. 1965 साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ती वापरली, आणि 1966 मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने गोल तबकडीच्या आकाराची ‘फझ फेस’ काढली. जिमी हेंड्रिक्समुळे ती जगभर पोचली. आपल्याकडेही सिम्ला बीट स्पर्धेतल्या बँडांच्या 1970 आणि 1971 च्या तबकड्यांवर फझ गिटार ऐकू येते.

त्या पेट्यांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. जर्मेनियम या मूलद्रव्याचं भाकीत मेंडेलिएफने 1871 मध्ये केलं, विंकलर यांना ते 1886 मध्ये सापडलं आणि 1947 मध्ये बेल लॅबमध्ये पहिला ट्रान्झिस्टर याच धातूसारख्या दिसणाऱ्या पदार्थावर तयार झाला. पुढे सिलिकॉन आलं. ते उष्णतेला सहज दाद देत नाही, म्हणून साठच्या दशकात जर्मेनियम मागे पडत गेलं. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे ‘बेल’ने, 1962 पासून जर्मेनियमचे सुटे भाग बनवायला घेतले. एका पिढीच्या ट्रान्झिस्टर रेडिओंत एसी-128 सारखे ते चंदेरी नळीचे तुकडे बसलेले असत. आज फझ बनवणारी मुलं त्यांच्याच शोधात लॅमिंग्टन रोडची दुकानं आणि चोरबाजारातले मोडके रेडिओ धुंडाळतात. हिचे दोन्ही ट्रान्झिस्टर अशाच एका भंगारातल्या रेडिओतून निघाले होते.

“यांचा आवाज गोल येतो,” ती म्हणाली. “सिलिकॉनचा लावून पाहिला, कानाला बोचतो.”

काकांनी मान डोलावली. “चांगलं आहे. पण तो गोल आवाज फुकट मिळत नाही.”

आधी वाटणी

फझमध्ये खरखर इतकी का जाणवते, हे आधी समजून घ्यायला हवं. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल साधारण शंभर मिलिव्होल्टच्या आगेमागे असतो. फझमधले दोन ट्रान्झिस्टर मिळून तो शेकडो पट वाढवू पाहतात, पण वर नऊ व्होल्टचं छप्पर आहे. मोठा सिग्नल त्या छपराला लागून कापला जातो. यातूनच फाटलेला सूर येतो. एखाद्या मिलिव्होल्टची घरघर मात्र छपरापासून दूर असते, म्हणून ती पूर्ण पटीने वाढते. मोठ्याला अडवायचं आणि लहानाला उचलायचं हा या यंत्राचा स्वभावच आहे. वाजवताना खरखर लपते आणि हात थांबला की खोली भरून टाकते.

काकांनी काम वाटणीपासून सुरू केलं. एका जुन्या जॅकपिनची दोन टोकं आतून कथिलाने जोडून त्यांनी ‘मुकी पिन’ बनवली आणि ती डब्याच्या इनपुटमध्ये खोचली. आता बाहेरून आत काहीच येऊ शकत नव्हतं. जे उरेल ते डब्याचं, जे जाईल ते वायर, गिटार आणि खोलीचं. पिन खोचताच निवेदकाचा आवाज गेला, घूं निम्मी झाली, सूं आणि चट् जशीच्या तशी राहिली. तिने वहीत चार रकाने आखले आणि प्रत्येक आवाजासमोर ‘आतला’ किंवा ‘बाहेरचा’ असं लिहिलं. घूंपुढे तिला दोन्ही लिहावं लागलं.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” काका म्हणाले. “दोन बदलल्या आणि आवाज थांबला, तर कशामुळे थांबला ते कधीच कळत नाही. मग तो परत येतो.”

घूं

आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनं पूर्ण करते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर साधारण 82 हर्ट्झचा असतो. म्हणजे विजेची घूं त्या तारेच्याही खाली बोलते. एलिमिनेटरमध्ये हीच वीज डायोडमधून सरळ केली जाते तेव्हा लहरीची दोन्ही अंगं एकाच बाजूला येतात आणि उरलेली लाट 100 हर्ट्झची होते. हा आवाज जास्त खरबरीत असतो. कान तयार झाला की दोन्ही वेगळे ओळखता येतात. परदेशी पुस्तकांत 60 आणि 120 हे आकडे दिसतात. ते अमेरिकेच्या विजेचे आहेत.

एलिमिनेटर काढून नऊ व्होल्टची बॅटरी लावली आणि डब्यातला खरबरीत भाग एकदम गेला. त्या एलिमिनेटरमधला कपॅसिटर लहान होता. रेडिओ चालवायला तो पुरत असेल, फझला पुरत नाही. शिवाय या मंडलात आणखी एक अडचण आहे. जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर बहुतेक पीएनपी जातीचे असतात, त्यामुळे डब्याच्या पत्र्याला बॅटरीचं अधिक टोक जोडलेलं असतं. बाकीच्या पेडलांत पत्र्याला उणे टोक असतं. दोघांना एकाच एलिमिनेटरच्या फांद्यांवर लावलं तर सरळ शॉर्ट होतो. या मंडलाला एक-दोन मिलिअँपिअरच लागतात आणि बॅटरी महिनोन् महिने चालते, म्हणून ती वापरणं हाच सोपा मार्ग.

मुकी पिन काढून गिटार जोडली तेव्हा बाहेरची घूं परतली. मुलीचा संशय रेल्वेवर होता. खिडकीतून रुळांवरच्या वायरी दिसतात. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली तेव्हा तिला 1500 व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. आज त्याच मार्गांवर 25,000 व्होल्टची, 50 हर्ट्झचीच वीज आहे. त्यामुळे संशय अगदीच निराधार नव्हता. आम्ही अँप चालू ठेवून लोकल जाण्याची वाट पाहिली. जलद गाडी गेली, धीमी गेली, घूं तसूभरही हलली नाही. मग काकांनी तिला गिटार अंगाशी धरून जागच्या जागी गोल फिरायला सांगितलं. एका दिशेला आवाज चढला, काटकोनात वळल्यावर जवळजवळ मेला. चढणारी दिशा भिंतीतल्या स्विचबोर्डाकडे होती.

“तार किती व्होल्टची आहे त्यापेक्षा ती किती जवळ आहे ते बघ,” काका म्हणाले आणि त्यांनी पंखा बंद केला. घूंवर बसलेली चिरचिर तत्क्षणी थांबली. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा तुकडा कापून टाकतो आणि त्या कापाची तीक्ष्ण कड खोलीभर पसरते. गिटारचा सिंगल-कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची तार. ती तारेचं कंपन उचलते तशी ही कडही उचलते. दोन गुंडाळ्या उलट जोडून बाहेरची घूं आपसांत मारून टाकणारा हंबकर पिकअप सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये गिब्सनसाठी याच कारणाने बनवला होता. तिच्या खोलीत दोन उपाय पुरे होते: कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर आणि बसायची बदललेली जागा.

इथे एक गोष्ट ठामपणे लिहायला हवी. घूं घालवायला अँपच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. जुन्या चाळींत आणि इमारतींत अर्थिंग मुळातच नसल्याने दोन पिनांवर काम चालवायची सवयही आहे. अँपच्या आत गळती झाली तर ती वीज गिटारच्या तारांपर्यंत येते आणि वाजवणाऱ्याचा हात त्या तारांवर असतो. घूं हा त्रास आहे, अर्थिंग हा जीव आहे. काकांनी डब्याच्या आधी खोलीचं अर्थिंग तपासून घेतलं होतं.

चट्

चटचट शोधायला मीटर फारसा कामाचा नसतो. काकांनी लाकडी काडी घेतली आणि अँप चालू ठेवून बोर्डवरचा एकेक जोड हलकेच टोचत गेले. दहाएक जोड गप्प बसले. पुढचा टोचताच स्पीकरमधून तडका आला. वरून तो जोड ठीक दिसत होता, पण त्याला चमक नव्हती, भोवती राखाडी कडं होतं. याला मेकॅनिक लोक ड्राय सोल्डर म्हणतात. तार पुरेशी तापायच्या आत कथिल टेकवलं की ते वरवर चिकटतं, आत शिरत नाही. तिने आयर्न आधी तारेवर टेकवून मग कथिल दिलं, जोड चकाकला आणि तडका थांबला.

मग बटणं. ‘फझ’चं बटण फिरवताना खसखस येत होती, ‘व्हॉल्यूम’चं फिरवतानाही. काकांच्या मते या दोन तक्रारी वेगळ्या. मूळ मंडलातच फझच्या पॉटमधून दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा प्रवाह वाहतो, त्यामुळे तिथे थोडी खसखस असणारच. पॉट साफ केला की ती कमी होते. व्हॉल्यूमच्या पॉटवर मात्र एकदिश व्होल्टेज पोचायलाच नको, कारण वाटेत कपॅसिटर असतो. तिथे मीटर लावल्यावर व्होल्टेज दिसलं. जुन्या रेडिओतूनच काढलेला तो कपॅसिटर गळत होता. नवा बसवताच बटण मुकं झालं.

तरीही एक चट् उरली. ती टोचून येत नव्हती आणि बटण फिरवूनही येत नव्हती. तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी मनाला येईल तेव्हा फुटत होती. काकांनी बोर्ड उलटा केला. खाली तांब्याच्या पट्ट्यांमधून फ्लक्सचा पिवळट थर साचला होता. मुंबईच्या पावसाळ्यात हा थर हवेतली ओल धरतो आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये विजेला चोरवाट मिळते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासला, हेअर ड्रायरने वाळवला. लाह्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. याचा अर्थ उरलेला दोष ट्रान्झिस्टरच्या पोटात होता. तो पुढच्या तपासासाठी राखून ठेवला.

डब्यातला निवेदक

निवेदक खरोखर आकाशवाणीचाच होता. मध्यम लहरींचा रेडिओ पकडायला लागतं काय? एक लांब तार आणि विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा एक स्फटिक. जगदीशचंद्र बोस यांना अशाच स्फटिकी शोधकासाठी 1904 मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. त्यांनी गॅलिना हे शिशाचं खनिज वापरलं होतं. पुढे आपल्या घरातल्या रेडिओंत ओए-79 हा जर्मेनियमचा डायोड तेच काम करू लागला. इथे गिटारची वायर एरियल झाली होती आणि पहिल्या ट्रान्झिस्टरचा इनपुटकडचा जोड डायोड. पुढची वाढ फझने केली. म्हणजे डबा बिघडला नव्हता, तो न सांगता रेडिओ बनला होता.

उपाय तीन आणि तिन्ही साधे. इनपुटपासून पत्र्याला 100 पिकोफॅरडचा एक कपॅसिटर लावला, त्याने रेडिओच्या लहरी आत शिरण्याआधीच खाली उतरतात आणि गिटारचा सूर जवळजवळ तसाच राहतो. आतली साधी वायर काढून तिथे शिल्डेड वायर टाकली आणि तिची जाळी एकाच टोकाला जोडली. तिसरा उपाय डब्याच्या रंगात सापडला. डबा आणि झाकण दोन्ही पत्र्याची, पण दोघांमध्ये छपाईचा रंग होता, त्यामुळे झाकण विजेच्या दृष्टीने अधांतरी होतं. ते कवच व्हायच्या ऐवजी आणखी एक एरियल झालं होतं. कडेचा रंग पॉलिशपेपरने खरवडला, पत्रा पत्र्याला भिडला आणि निवेदक गेला.

गळती

शेवटी सूं उरली. सगळ्यांत अवघड तीच, कारण ती खुद्द जर्मेनियममधून येते. या पदार्थात इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला 0.67 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पुरते. सिलिकॉनमध्ये 1.12 लागते. खोलीतल्या उष्णतेनेही जर्मेनियममधले काही इलेक्ट्रॉन सुटतात आणि ट्रान्झिस्टर बंद असायला हवा तेव्हाही थोडा प्रवाह झिरपत राहतो. तापमान दहाएक अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते. जास्त गळणारा ट्रान्झिस्टर बऱ्याचदा जास्त सूंसूंही करतो.

साध्या मल्टिमीटरवर ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे वाढीची पट, मोजला तर मीटर गळतीलाही गेन समजतो. अमेरिकेतले आर. जी. कीन यांनी यावर सांगितलेली सोपी चाचणी जगभरचे हौशी कारागीर वापरतात. नऊ व्होल्टची बॅटरी घ्यायची आणि कलेक्टरच्या वाटेत 2,472 ओहमचा रेझिस्टर लावायचा. बेस मोकळा ठेवून रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाचायचं, ही गळती. मग बेसला 22 लाख ओहममधून प्रवाह द्यायचा आणि पुन्हा वाचायचं. दोन वाचनांतल्या फरकाला शंभराने गुणलं की खरा गेन मिळतो. पहिल्या वेळी 0.3 आणि दुसऱ्या वेळी 1.2 व्होल्ट आले, तर गेन 120 नसून 90 आहे. काकांनी तिला ट्रान्झिस्टर चिमटीत धरायला सांगितला. बोटांच्या उबेनेच आकडा डोळ्यांदेखत वर चढत गेला. ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली.

तिच्या खोक्यात आणखी काही जुने तुकडे होते. एकेक तपासला. दोन तर जर्मेनियमचे नव्हतेच. बेस-एमिटरमध्ये 0.2 किंवा 0.3 व्होल्ट दिसायला हवेत तिथे 0.65 दिसले, म्हणजे नवं नाव छापलेलं सिलिकॉन. उरलेल्यांतला सर्वांत कमी गळणारा आणि बेताच्या गेनचा पहिल्या जागी बसवला, कारण पहिल्याचा आवाज दुसरा वाढवतो. जुना काढताच उरलेल्या लाह्याही थांबल्या. त्याच्याच पोटात त्या होत्या. रेझिस्टरही बदलले. कार्बनचे जाऊन मेटल फिल्मचे आले, त्याने सूं आणखी किंचित उतरली.

शेवटचं काम समतोलाचं. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास असावेत, असा या मंडलाचा संकेत आहे. लंडनच्या हवेत जमवलेले रेझिस्टरचे आकडे कांजूरमार्गच्या ऑक्टोबरमध्ये तसेच लागू पडत नाहीत. सकाळी जमवलेला समतोल दुपारच्या उकाड्यात सरकतो आणि सूर आधी पातळ होतो, मग तुटत येतो. तिने त्या कलेक्टरच्या 8.2 किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी छोटा पॉट बसवून त्याचं बटण डब्याबाहेर काढलं. आता स्टेजवर दिव्यांखाली डबा तापला तरी ती उभ्या उभ्या तो सावरू शकते.

किती शांतता पुरे

संध्याकाळी अँप पुन्हा लावला. घूं नाही, चट् नाही, निवेदक नाही. हात थांबला की एक बारीक सूं मात्र ऐकू येत होती. तिने विचारलं, “काका, हीसुद्धा काढता येईल?”

“येईल. दोन्ही सिलिकॉनचे लाव. पण मग तू म्हणतेस तो गोलपणाही जाईल.”

या उत्तरासाठीच मला हा लेख लिहावासा वाटला. जर्मेनियम लवकर उघडतं आणि जर्मेनियम गळतं, या दोन्हींच्या मुळाशी तीच 0.67 इलेक्ट्रॉनव्होल्टची लहान फट आहे. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती सगळी खरखर संपवणं नसतं. प्रत्येक खरखर कुठून येते ते शोधायचं, निष्काळजीपणातून आलेली काढायची आणि पदार्थाच्या स्वभावातून आलेली ओळखून ठेवायची, एवढं असतं. त्या दिवशी ड्राय सोल्डर, गळका कपॅसिटर, झाकणाचा रंग, पंख्याचा रेग्युलेटर या पहिल्या वर्गातल्या गोष्टी होत्या. त्यांचं समर्थन ‘जुन्या चीजेचा आवाज असाच असतो’ असं म्हणून करणं हा आळस ठरला असता. उरलेली सूं दुसऱ्या वर्गातली. तिच्यामागे धावून सूर गमावणं हाही तितकाच मोठा तोटा होता. हा फरक ओळखणं शिकता येतं, आणि ते कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. एलबीएस मार्गावरच्या कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, तरी तिथे घडलेले हात अजून याच इमारतींमध्ये आहेत. त्यांच्याकडे जाऊन विचारणाऱ्या मुलांची मात्र गरज आहे.

झाकण लावण्याआधी काकांनी तिला डब्याच्या आतल्या बाजूला लिहायला लावलं. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रात असा कागद असायचा, असं ते म्हणाले. तिने मार्करने लिहिलं: तारीख, खोलीचं तापमान 31 अंश, कलेक्टरला 4.6 व्होल्ट, दोन्ही ट्रान्झिस्टरचे गेन आणि गळती, बॅटरीचं अधिक टोक पत्र्याला. त्याखाली काकांच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ आली: ‘बारीक सूं राहील. दोष नाही. शोधू नये.’ उद्या हा डबा ज्या कुणाच्या हाती पडेल, त्याचा पहिला अर्धा दिवस त्या ओळीने वाचेल.